दप्तरं सांभाळणाऱ्याचा प्रतिवाद

पोळा झाला, शाळांच्या क्रीडास्पर्धा जवळ आल्या, की आमच्या गावच्या व्हॉट्सॲप गटावर तो मजकूर हमखास फिरायला लागतो. वर ‘डॉक्टरांचा सल्ला’ असं लिहिलेलं असतं, खाली डॉक्टरचं नाव नसतं. थोडक्यात मजकूर असा: अधू अंगाला आराम द्यावा, व्यायामाने ते आणखी बिघडतं. शेतात राबणाऱ्याला वेगळा व्यायाम लागत नाही, खेळ हे शहरातले चोचले. दिव्यांगांच्या व्यायामावरचं संशोधन गोऱ्यांचं, ते आपल्याला लागू नाही. खेळतानाचा फोटो निघाला तर प्रमाणपत्र आणि निराधारचे पैसे जातात. ज्याच्यात जिद्द असते तो पॅरालिम्पिकला जातोच, बाकीच्यांनी देवाचं नाव घ्यावं. आणि खेळायला लाखांचं सामान लागतं, ते गावात कुठून आणायचं?

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याकडचा. दोन वर्षांचा असताना पोलिओने डावा पाय गेला. शाळेत पी.टी.च्या तासाला माझं काम ठरलेलं होतं, कडुनिंबाखाली बसून सगळ्या वर्गाची दप्तरं सांभाळायची. सरांच्या मनात पाप नव्हतं. ‘पोट्टं पडन, त्याले लागन’ एवढीच काळजी. सातवीपर्यंत मी दप्तरं सांभाळली, एकही हरवलं नाही. हे फॉरवर्ड म्हणजे तीच काळजी छापील रूपात आहे, म्हणून ते पाठवणाऱ्यांवर राग नाही. पण उत्तर द्यायलाच पाहिजे.

‘अधू अंगाला आराम द्यावा.’ या एका वाक्याने माणसं मेली आहेत, आणि हे मी अतिशयोक्ती म्हणून लिहीत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी मणक्याला मार लागलेल्या माणसाला पलंगावर नुसतं झोपवून ठेवत. पाठीला जखमा व्हायच्या, लघवीचा संसर्ग व्हायचा आणि बहुतेक जण दोन-तीन वर्षांत जायचे. १९४४ साली इंग्लंडमधल्या स्टोक मँडविल इस्पितळात लुडविग गुटमान या डॉक्टरांनी अशा जखमी सैनिकांचा वेगळा विभाग सुरू केला. कूस बदलून देणं, बसतं करणं आणि खेळायला लावणं हा त्यांच्या उपचाराचा गाभा होता. २९ जुलै १९४८ रोजी लंडन ऑलिंपिकचं उद्घाटन झालं, त्याच दिवशी त्यांनी इस्पितळाच्या हिरवळीवर १६ जणांची धनुर्विद्येची स्पर्धा घेतली. त्यातूनच १९६० साली रोमला पहिलं पॅरालिम्पिक झालं. म्हणजे ज्याला आपण पदकांचा तमाशा समजतो तो मुळात दवाखान्यातला इलाज होता. आपल्या मुरलीकांत पेटकरांचंही तेच. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, पाय गेले, उपचार म्हणून पाण्यात उतरवलं आणि १९७२ साली हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण आलं.

सेरेब्रल पाल्सीच्या, म्हणजे लहानपणीच मेंदूला इजा होऊन अंग आखडलेल्या लेकरांबाबत तर खुद्द व्यायाम शिकवणारेच कित्येक वर्षं भीत होते. ताकदीचा व्यायाम दिला तर आखडलेले स्नायू आणखी आखडतील, असं पुस्तकातच होतं. १९९० नंतर ते प्रत्यक्ष मोजून पाहण्यात आलं. मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम दिलेल्या मुलांची ताकद वाढली, आखडणं वाढलं नाही. खांद्याचंही असंच ऐकायला मिळतं, ‘हाताने खुर्ची ढकलून खांदा जाईल, त्यात खेळ कशाला?’ २००३ साली छापून आलेल्या एका अमेरिकन अभ्यासात व्हीलचेअरवर खेळणारे आणि न खेळणारे अशी तुलना केली होती. खांदेदुखीची शक्यता न खेळणाऱ्यांत दुप्पट निघाली.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली व्यायामाच्या नव्या शिफारशी काढल्या, त्यात दिव्यांगांसाठी पहिल्यांदाच वेगळं प्रकरण आलं. मोठ्यांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल आणि किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम करावा, मुलांनी सरासरी रोज ६० मिनिटं खेळावं. ज्याला एवढं जमत नाही त्याने जमेल तेवढं करावं, कारण थोडं केलेलं काहीच न केल्यापेक्षा बरं. तब्येत आणि ताकद पाहून केलं तर मोठा धोका नाही, हेही त्यात स्पष्ट लिहिलं आहे. मणक्याला इजा झालेल्यांसाठीचं वेगळं मार्गदर्शन तर आणखी सोपं आहे. दम वाढवायचा तर आठवड्यातून दोनदा २० मिनिटं मध्यम ते जोरकस हालचाल, आणि दोनदा जे स्नायू चालतात त्यांचा ताकदीचा व्यायाम. हातांनी फिरवायची तीनचाकी सायकल घेऊन घरापासून वेशीवरच्या मारुतीपर्यंत जाऊन या, वीस मिनिटं होतात. (आता बॅटरीच्या तीनचाकी आल्या, मोठं सुख झालं. पण माझ्या एका मित्राचे दंड त्या सुखात वर्षभरात सैल पडले, तेव्हा जुनी सायकल भंगारात देऊ नका.)

तरीही ‘आराम द्यावा’ या मुद्द्यात थोडं खरं आहे, आणि ते आपल्या भागासाठी फार महत्त्वाचं आहे.

पहिलं माझंच सांगतो. पोलिओने काही मज्जापेशी मरतात. उरलेल्या पेशी फांद्या फोडून जास्तीचे स्नायू सांभाळतात आणि तीस-चाळीस वर्षं दुप्पट काम करून थकतात. याला पोस्ट-पोलिओ म्हणतात. भारतातला पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ चा, पण आमची पिढी अजून चाळिशी-पन्नाशीत फिरते आहे. चाळिशीनंतर माझा उजवा, म्हणजे ‘चांगला’ पाय दगा देऊ लागला. अशा माणसाने ईर्षेला पेटून व्यायाम केला तर नुकसान होतं. माझा नियम साधा आहे. आजचा थकवा उद्या सकाळीही अंगात राहिला, तर काल जास्त झालं. थकवा येण्याआधी थांबायचं आणि मध्ये विश्रांती घ्यायची. पूर्ण बसून राहिलो तर उरलेलंही झिजतं, हेही मी दोन वर्षं बसून अनुभवलं आहे.

दुसरं सिकलसेल, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे २१ प्रकार आहेत त्यात सिकलसेल आहे, हे गडचिरोली-चंद्रपूर-गोंदियाच्या कितीतरी घरांना आजही माहीत नाही. शरीरातलं पाणी किंवा रक्तातला प्राणवायू कमी झाला की या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि वेदनेचा झटका येतो. म्हणून अशा पोराला शर्यतीत ऊर फुटेस्तोवर पळवणं, तहानलेलं ठेवणं, तापल्या अंगाने तळ्याच्या गार पाण्यात उडी मारायला लावणं हे धोक्याचं. पण त्यावरून ‘खेळूच नको’ असं निघत नाही. फ्रान्समधल्या संशोधकांनी सिकलसेलच्या मोठ्या रुग्णांना ८ आठवडे मध्यम गतीने सायकल चालवायला लावली. त्याचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले: स्नायू सुधारले आणि ते सुरक्षितपणे करता आलं. हळू सुरुवात, दर थोड्या वेळाने पाणी, दुखलं की थांबण्याची मुभा, एवढं सरांना सांगून ठेवलं तर तासभर मैदानात काढता येतो.

तिसरं ऊन. छातीच्या वरच्या भागात मणक्याची इजा असेल तर इजेच्या खाली घाम येत नाही. शरीर थंड करायचं यंत्रच बंद. अशा माणसाने वैशाखात अकोल्याच्या ४५ अंशांत दुपारी सराव करणं म्हणजे मरणाला बोलावणं. सकाळी आठच्या आत उरकायचं, ओला गमछा मानेवर. डाऊन सिंड्रोमच्या लेकरांची मान आणि हृदय आधी डॉक्टरांना दाखवून घ्यावं, मगच कोलांटउड्या. हा सगळा तपशील त्या फॉरवर्डमध्ये असता तर मीच ते पुढे पाठवलं असतं.

‘शेतात राबणं हाच व्यायाम.’ राबणं हे व्यायामातच मोजलं जातं, यात वाद नाही. निंदण असो की कापूस वेचणं, शरीर हलतं. पण डेन्मार्कमधल्या कोपनहेगनच्या १ लाख ४ हजार लोकांच्या अभ्यासात (२०२१ साली तो प्रसिद्ध झाला) एक गंमत दिसली. मोकळ्या वेळातला व्यायाम करणारे जास्त जगले, कामाचे कष्ट जास्त असणाऱ्यांत मात्र मृत्यूचं प्रमाण वाढलेलं होतं. कष्टात विश्रांती आपल्या हातात नसते, खेळात असते, असं एक कारण सांगतात. हा अभ्यास दिव्यांगांवरचा नाही, हे मान्य. पण माझा खरा प्रश्न वेगळा आहे. अधू पोराला तुम्ही वावरात नेता कुठे? त्याला घराच्या राखणीला बसवता. धुऱ्यावरून चालता येत नाही, पांदण पावसाळ्यात गुडघाभर चिखलाची. मग तो राबतो कधी आणि त्याचा व्यायाम होतो कधी?

‘संशोधन गोऱ्यांचं.’ हा त्या मजकुरातला सर्वांत शहाणा मुद्दा, आणि निम्मा खरा. आरोग्य संघटनेच्या त्या शिफारशींसाठी ज्यांचा पुरावा तपासला ते आजार आठ होते: मल्टिपल स्क्लेरोसिस, मणक्याची इजा, बौद्धिक अक्षमता, पार्किन्सन, पक्षाघात, तीव्र नैराश्य, स्किझोफ्रेनिया आणि एडीएचडी. पोलिओ त्यात नाही, सिकलसेल नाही, कुष्ठरोगाने बोटं गेलेला माणूस नाही. बहुतेक अभ्यास श्रीमंत देशांतले. आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत २ कोटी ६८ लाख दिव्यांग नोंदले गेले, त्यांतले ६९ टक्के खेड्यांत, आणि त्यांच्याकडे टेप घेऊन मोजायला फार कोणी आलेलं नाही. पण पुरावा कमी असणं म्हणजे धोका सिद्ध होणं असं नसतं. हृदय दारव्ह्याचं असो की डेन्मार्कचं, बसून राहिलं की कमजोरच होतं. परदेशातून जसंच्या तसं उचलता येत नाही ते वेगळंच आहे: तिथला सपाट रस्ता, तिथलं खुर्ची जाईल एवढं संडासाचं दार.

प्रमाणपत्राच्या भीतीवर थोडक्यात. प्रमाणपत्रावरची टक्केवारी कायमच्या अपंगत्वाची असते आणि ती वैद्यकीय मंडळ ठरवतं. खेळल्याने पोलिओचा पाय लांब होत नाही. त्याच २०१६ च्या कायद्याचं ३० वं कलम सरकारला दिव्यांगांच्या खेळासाठी सोयी करायला सांगतं. पॅरा स्पर्धेत तर अपंगत्व तपासूनच गट ठरतो. खोटी प्रमाणपत्रं काढणाऱ्यांनी घाबरावं, बाकीच्यांनी बिनधास्त फोटो काढावेत.

‘जिद्द असेल तर होतंच.’ पॅरिसला २०२४ साली भारताला २९ पदकं मिळाली, तेव्हापासून हे वाक्य जास्तच ऐकू येतं. आटपाडी तालुक्यातल्या सचिन खिलारीने गोळाफेकीत रौप्य जिंकलं. पेटकरही सांगली जिल्ह्याचेच. (आपण विदर्भवाले टाळ्या वाजवण्यात पुढे.) आपल्याकडेही अमरावतीची कांचनमाला पांडे आहे. डोळ्यांनी दिसत नाही, आणि २०१७ साली मेक्सिकोच्या जागतिक पॅरा जलतरण स्पर्धेत तिने सुवर्ण जिंकलं. पण त्याच वर्षी बर्लिनच्या स्पर्धेत पैसे वेळेवर न पोचल्याने तिचे हाल झाले, त्याच्या बातम्या आपण वाचल्या. तिच्या जिद्दीत काय कमी होतं? ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०२१ साली जगभरचे अभ्यास एकत्र मांडले, तेव्हा दिसलं की दिव्यांग माणसं शिफारशीएवढी हालचाल करण्याची शक्यता इतरांपेक्षा १६ ते ६२ टक्क्यांनी कमी आहे. जगातल्या दीड अब्ज दिव्यांग माणसांत एकाच वेळी जिद्दीचा दुष्काळ पडत नाही. शाळेला पाच पायऱ्या आहेत, मैदानात गिट्टी पडली आहे आणि पी.टी.च्या तासाला कोणाला तरी दप्तरं सांभाळायची आहेत, म्हणून हे होतं.

राहिलं सामान. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करावे लागतात. आमच्याकडे त्यातून दिवाळीला प्रत्येकाच्या हाती थोडे पैसे पडतात आणि विषय संपतो. पुढच्या ग्रामसभेत मैदानात उतरायला उतार मागा. शाळेच्या पायऱ्यांशेजारी फळी टाकायचं मागा. ताकदीच्या व्यायामाला सायकलची जुनी ट्यूब आणि वाळू भरलेल्या पाण्याच्या बाटल्या चालतात. ट्यूब खिडकीच्या गजाला बांधून ओढायची, दहा-बारा वेळा, थोडं थांबून पुन्हा.

आमच्या शाळेत यंदा पाचवीत एक पूर्ण अंध पोरगा आला. आवाज करणारा चेंडू मागवायचा तर नागपूरहून, आणि पैसे कोण देणार यावर महिना गेला. मग कोणीतरी फुटबॉल किराणा दुकानातल्या खळखळणाऱ्या प्लास्टिकच्या पन्नीत घट्ट बांधून दिला. लोळला की आवाज येतो. पन्नी दोन दिवसांत फाटते, म्हणून दुकानदाराने गठ्ठाच देऊन टाकला आहे. पोरगा गोलकीपर झालाय, आरडाओरडा फार करतो. दप्तरं कडुनिंबाखाली एकटीच असतात.