‘धर्म फक्त सोसायला शिकवतो’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा : धर्म पिचलेल्या माणसाला सोसायला शिकवतो, न्याय परलोकावर ढकलतो, अन्यायाविरुद्धच्या लढाया धर्माला बाजूला सारूनच जिंकल्या गेल्या आणि मी लेखात त्याला फुकटचं श्रेय दिलं. शेवटी तुम्ही विचारलंत, ‘आंबेडकरांनीही धर्म सोडलाच ना?’

तुमचा संताप मला कळतो. गुलाम बाळगणाऱ्यांना मिशनरी म्हणून नेमायचं की नाही, या वादातून १८४५ मध्ये अमेरिकेच्या दक्षिणेतल्या बॅप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी वेगळी चूल मांडली, आणि ती मालकांच्या बाजूने. त्याबद्दल माफी मागायला १९९५ साल उजाडलं. दीडशे वर्षं! हे माझ्या लेखात यायला हवं होतं, आलं नाही. ती चूक माझी.

पण तुमच्या वाक्यातला ‘फक्त’ मला मान्य नाही. १८०७ मध्ये लंडनमध्ये वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी बायबलची एक निवडक आवृत्ती छापली गेली. इजिप्तच्या गुलामगिरीतून इस्रायली लोक बाहेर पडतात, ती कथा तीतून गाळली होती. धर्म निव्वळ सोसायला शिकवत असता, तर ही कात्री चालवायची गरजच काय होती? त्या पानांत काय आहे, हे गाळणाऱ्यांना नेमकं ठाऊक होतं.

म्हणून मी आधी एवढंच विचारतो : धर्माची वास्तू, पैसा आणि व्यासपीठ कोणाच्या हातात आहे? अमेरिकेतल्या मॉन्टगोमेरी शहरात काळ्या लोकांनी बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध केलेला बसबहिष्कार बघा. डिसेंबर १९५५ मध्ये बसमधली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडायला नकार दिला म्हणून रोझा पार्क्स यांना अटक झाली आणि बहिष्काराची हजारो पत्रकं रातोरात छापली जो अ‍ॅन रॉबिन्सन यांनी. त्या सरकारी कॉलेजात शिकवत होत्या. नाव बाहेर आलं असतं तर नोकरीवर गदा आली असती. काळ्या लोकांच्या चर्चमधल्या पाद्र्याचा पगार मात्र त्याचे भाविकच देत. त्याला गोरा मालक कामावरून काढू शकत नव्हता. सभा भरवायला इमारत स्वतःची, वर्गणी स्वतःची, पुढे लोकांची ने-आण करायला घेतलेल्या गाड्याही चर्चच्या नावावर. बहिष्कार ३८१ दिवस टिकला, तो या बळावर. नुसत्या श्रद्धेने टिकला असता असं मी म्हणत नाही. पण रोज मैलोन्‌मैल चालणाऱ्या माणसांना दर आठवड्याला एकत्र गाता येत होतं, हेही मला क्षुल्लक वाटत नाही.

त्याच चर्चमध्ये मंचावर जवळजवळ सगळे पुरुष होते आणि राबणाऱ्या बहुतेक बाया. तुम्ही यावर बोट ठेवलं असतंत, तर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता आंबेडकरांविषयी. ‘हिंदू म्हणून मरणार नाही’ हे त्यांनी १९३५ मध्ये येवल्यात जाहीर केलं. त्यानंतर कोणताच धर्म न मानण्याची वाट त्यांना मोकळी होती. ती त्यांनी धरली नाही. एकवीस वर्षं विचार करून १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो लोकांसह ते बौद्ध झाले आणि बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यांत जुने देव नाकारणं आहे, तसंच सर्व माणसं समान आहेत असं मानणंही आहे. ज्या माणसाला धर्माने सर्वांत जास्त छळलं, त्याला आपल्या लोकांसाठी धम्म हवासा का वाटला? तुमच्या प्रतिक्रियेत याचं उत्तर मला सापडलं नाही. ते तुमच्याकडून वाचायला मला मनापासून आवडेल.