शांती म्हणजे गुंगी नव्हे : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

संकटकाळात प्रभूवर भरवसा ठेवण्याविषयी आणि त्यातून लाभणाऱ्या शांतीविषयी मी लिहिलेल्या लेखावरची आपली प्रतिक्रिया काल रात्री वाचली. रागाच्या भरात उत्तर देऊ नये म्हणून सकाळपर्यंत थांबले. सकाळीही ती तितकीच बोचली. आपले आक्षेप असे आहेत : येशूचा प्रेषित पौल याच्या तुरुंगवासाबाबत माझी चूक झाली आहे, प्रार्थना करूनही ज्यांच्या पदरी काही पडले नाही त्यांच्याविषयी मी गप्प आहे, अशी शांती इतर धर्मांच्या आणि देव न मानणाऱ्या माणसांनाही लाभते. आणि शेवटी आपण लिहिता, ‘ही शांती नव्हे, ही गुंगी आहे, आणि ज्यांनी खरे दुःख कधी पाहिलेले नाही त्यांनाच ती परवडते.’

पहिला आक्षेप मला मान्य आहे. बायबलमधले, फिलिप्पै गावच्या ख्रिस्ती मंडळीला म्हणजे फिलिप्पैकरांस लिहिलेले पत्र पौलाने बंदिवासात लिहिले हे त्या पत्रातच स्पष्ट आहे, पण तो बंदिवास रोममधला, इफिसमधला की कैसरियातला, याबद्दल अभ्यासकांचे एकमत नाही. मी ‘रोमच्या तुरुंगातून’ असे ठामपणे लिहायला नको होते. मात्र गाव कोणतेही असो, बेड्या खऱ्या होत्या, आणि बुद्धीच्या पलीकडच्या शांतीविषयी तो जे लिहितो ते सुटकेची खात्री नसताना लिहितो. याबद्दल आपण अवाक्षरही काढलेले नाही.

आता त्या शेवटच्या वाक्याकडे वळते. मतभेदाचे मला वावडे नाही. परंतु ज्या व्यक्तीला आपण कधी भेटलेला नाहीत, तिने दुःख पाहिलेले नाही, असा निवाडा आपण कोणत्या अधिकाराने दिलात? माझ्या लेखात ‘एका जवळच्या माणसाच्या आजारपणात’ एवढेच शब्द होते, कारण दुःखाचे प्रदर्शन मांडणे मला प्रशस्त वाटत नाही. आपण त्या संयमाचा अर्थ अनुभवाचा अभाव असा लावलात, म्हणून आज नाइलाजाने सांगते.

तो जवळचा माणूस म्हणजे माझा धाकटा भाऊ. त्याची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली होती. चार वर्षे, आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी चार-चार तास त्याचे डायलिसिस चाले आणि बहुतेक वेळा मी शेजारच्या स्टुलावर बसलेली असे. हातात दोन जाड सुया, त्यांवर चिकटपट्टी, आणि पारदर्शक नळ्यांमधून एकीकडून जाणारे व दुसरीकडून परतणारे त्याचे रक्त. त्या नळीला बोट लावले की ती कोमट लागे. तिसऱ्या तासाला त्याच्या पायात गोळे येत आणि मी पोटऱ्या चोळत असे. हात हलून नळी मुडपली की यंत्र वाजू लागे, त्यामुळे डोळा लागू देण्याची सोय नव्हती. तिथे गुंगी मला परवडली असती, असे आपल्याला खरोखरच वाटते का?

त्या स्टुलावर मी बायबलमधले तेरावे स्तोत्र कितीदा म्हटले असेल याची गणती नाही. त्याच्या पहिल्या दोन ओव्यांत ‘कोठवर?’ हा प्रश्न चार वेळा येतो. देवाला असे विचारणे म्हणजे अश्रद्धा, असे मला लहानपणी वाटत असे. भावाच्या शेजारी बसून ते म्हणताना कळले की ज्याच्यावर भरवसा आहे त्यालाच माणूस असे विचारू शकतो. मला मिळालेली शांती ही होती. भीती गेली नाही, यंत्र थांबले नाही, आणि शेवटी भाऊही राहिला नाही. पण त्या खोलीतून पळून जावेसे मला वाटले नाही, आणि जे चालले होते ते मला उघड्या डोळ्यांनी पाहता आले.

गुंगीचा विषय आपणच काढलात म्हणून शुभवर्तमानातल्या, म्हणजे लूक, मार्क आदींनी लिहिलेल्या येशूचरित्रातल्या, दोन गोष्टी पुढे ठेवते. गेथशेमाने बागेत झोपले ते शिष्य, आणि ते दुःखामुळे झोपले होते असे लूक सांगतो. जागा राहिला तो येशू, आणि त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा जमिनीवर पडत होता. पुढे वधस्तंभावर देण्यापूर्वी त्याला बोळ (एक कडू, सुगंधी डिंक) मिसळलेला द्राक्षारस देऊ केला गेला. वेदना बधिर करण्यासाठीच तो देत, असे सामान्यतः मानले जाते. त्याने तो घेतला नाही, असे मार्क लिहितो. आजाऱ्याने वेदनाशामक औषध घेऊ नये असा अर्थ यातून कृपया काढू नका; माझ्या भावाने ते घेतले आणि मीच त्याच्या हातात दिले. पण ज्या प्रभूने स्वतः गुंगी नाकारली, त्याच्यावरच्या श्रद्धेला गुंगी म्हणण्यापूर्वी निदान ही पाने तरी उघडून पाहायची होती.

आणि दुःख न पाहिलेल्यांविषयी म्हणाल, तर पंडिता रमाबाईंचे चरित्र मराठी वाचकाला अपरिचित नसावे. आईवडील दुष्काळात गेले, १८८२ मध्ये पती गेले, १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, आणि स्वतः रमाबाई १९२२ च्या एप्रिलमध्ये गेल्या. मुलीच्या पाठीमागे उरलेल्या त्या थोड्या महिन्यांत त्या मूळ भाषांवरून करीत असलेले बायबलचे मराठी भाषांतर तडीस नेत होत्या. गुंगीतल्या बाईच्या हातून हे काम होत नाही.

राहिलेल्या दोन आक्षेपांविषयी विस्ताराने लिहिण्याची मला गरज वाटत नाही. इतरांना शांती लाभत नाही असे मी कुठेही म्हटलेले नाही. मी माझी साक्ष लिहिली, इतरांची तपासणी केली नाही. अपूर्ण राहिलेल्या प्रार्थनांचा प्रश्न मोठा आहे आणि तो असा जाता जाता भिरकावण्याचा नाही. तो विचारणाऱ्याने आधी समोरच्याची प्रार्थना पूर्ण झाली होती की नाही, एवढे तरी विचारायला हवे होते.

‘रोमच्या’ हा शब्द लेखातून आजच काढून टाकते. आपली प्रतिक्रिया मात्र मी काढणार नाही. ती तिथेच राहील आणि तिच्याखाली हे उत्तर राहील. पुढे काही लिहायचे असल्यास जरूर लिहा, परंतु माझ्या भावाविषयी लिहिताना शब्द जपून वापरा.