साडेबारा घोडे आणि एक जनरेटर

सोसायटीच्या मीटिंगमध्ये "मला इलेक्ट्रिकलमधलं थोडंफार कळतं" असं चुकूनही म्हणू नये, पुण्यात तर नाहीच नाही, कारण इथे लगेच कमिटी नेमतात आणि त्या कमिटीत तुम्ही एकटेच असता. आमच्या सिंहगड रोडच्या सोसायटीत जनरेटर घ्यायचं ठरलं आणि "लोड किती तेवढा काढा, दोन मिनिटांचं काम" म्हणून सेक्रेटरी मोकळे.

दोन मिनिटं म्हणे! लिफ्टच्या मोटरवर साडेसात एचपी (म्हणजे हॉर्सपॉवर, घोड्याची ताकद), पाण्याच्या पंपावर पाच एचपी, जिन्यातले दिवे वॅटमध्ये, लाइटबिलावर मंजूर भार किलोवॅटमध्ये, आणि जनरेटर मिळणार केव्हीएमध्ये, म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअरच्या हजारांत. सगळे राहतात एकाच मीटरवर, पण एकमेकांशी बोलणं बंद.

बरं, घोडा तरी एकच असावा ना? तर नाही. इंग्रजांचा ७४६ वॅटचा, आणि मेट्रिकवाल्यांचा, म्हणजे सेकंदाला ७५ किलो एक मीटर वर उचलणारा, तो ७३५.५ चा. जेम्स वॅटनी अठराव्या शतकात वाफेची इंजिनं खपवायला घोड्याशी तुलना केली, इंजिनं खपली, पुढे त्यांच्याच नावाचं युनिट निघालं, आणि आता त्यांच्या घोड्यांचे त्यांच्याच वॅटमध्ये हिशोब करत पार्किंगमध्ये डास मारत बसलोय मी. साडेबारा घोडे म्हणजे ९.३ किलोवॅट, (मोटरच्या एफिशियन्सीचं आत्ता काढूच नका), दिवे धरून दहा, पॉवर फॅक्टर, म्हणजे केव्हीएतला प्रत्यक्ष कामी येणारा वाटा, ०.८ धरून भागलं तर साडेबारा केव्हीए. म्हणजे एवढी उठाठेव करून आकडा होता तिथेच!

तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरचे काका आले, "आमचा दीड टनाचा एसी पण धरा त्यात." आता हा टन बर्फाचा, तोही अमेरिकन, ९०७ किलोचा. एवढा बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता खेचेल ती ताशी १२,००० बीटीयू (हे उष्णतेचं इंग्रजी माप), म्हणजे साडेतीन किलोवॅट. दीड टनाचे झाले सव्वापाच. पण काका, ही खोलीतून बाहेर टाकलेली उष्णता, वीज तो साधारण दीड किलोवॅटच खातो, असं सांगितलं तर काका म्हणाले, "सव्वापाच बाहेर टाकतो आणि दीडच खातो? मग उरलेल्या पावणेचारचे पैसे मेंटेनन्समधून वजा करा की!" त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो, ते रिटायर्ड ऑडिटर आहेत.

शेवटी भोसरीहून डीलरचा माणूस आला. माझा कागद त्याने हातातसुद्धा घेतला नाही. लिफ्टच्या मोटरची प्लेट बघितली, पंपाचा स्टार्टर उघडून बघितला आणि म्हणाला, "डायरेक्ट स्टार्ट आहे साहेब, चालू होताना पाच-सहा पट करंट ओढणार. पंचवीसचा घ्या."

"पंचवीस केव्हीए," मी मीटिंगमध्ये शक्य तितक्या अधिकाराने सांगितलं.

खजिनदारांनी चष्मा कपाळावर सरकवला. "ते असू दे हो. स्क्वेअर फुटाला किती पडणार ते सांगा."