जिन्याखालचा खजिना

लंडनच्या पश्चिमेला राहायला आलो तेव्हा पावसाला मी तयार होतो, पण शेजाऱ्याला नव्हतो. हा गृहस्थ बिअर पितो कमी आणि मुरवतो जास्त. जवळच्या चिझिकमध्ये फुलर्सची ग्रिफिन ब्रुअरी आहे. तिची व्हिंटेज एल (एल हा बिअरचाच एक प्रकार) 1997पासून निघते, साडेआठ टक्के अल्कोहोलची. नवी आली की हा बाटल्या आणतो आणि जिन्याखालच्या कपाटात कुलपात ठेवतो. आत जिवंत यीस्ट, ते तळाशी बसायला हवं, म्हणून बाटल्या उभ्या. उजेड लागला तर हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडूपणा देणाऱ्या फुलांचा, अंश बिघडून उग्र दर्प येतो, म्हणून अंधार. आणि तापमान बारा-तेरा अंशांच्या वर जाता कामा नये, म्हणून पॅसेजमधला रेडिएटर भर जानेवारीत बंद! त्याच्याकडे आम्ही ओव्हरकोट घालून गप्पा मारतो. बाटल्या मजेत असतात.

खरी परीक्षा नाताळच्या आधी. एकाच एलच्या वेगवेगळ्या सालांच्या बाटल्या ओळीने उघडायच्या. पेल्यात तीर्थाएवढी ओततो, तीही गार नाही. आधी वास घ्यायचा. मग प्रश्न येतो, "काय जाणवतंय?" बिअर जाणवते, पण तसं म्हणायचं नसतं. बाकीच्यांना मार्मलेड जाणवतं, मनुका जाणवतात, एकाला तर जुन्या खुर्चीचं चामडं जाणवलं. (हा कधी चाटून आला, देव जाणे.) वर्षं जातात तसा कडूपणा निवळतो आणि शेरीसारखी गोडसर चव येते, हे मात्र खरं. मलाही ती कळते, फक्त तोवर पेला संपलेला असतो.

गेल्या खेपेला एका बाटलीपाशी सगळे गप्प झाले. इंग्रज माणूस "इंटरेस्टिंग" म्हणाला की समजावं, काहीतरी बिघडलंय. मी डोंबिवलीच्या पावसाळ्यांत वाढलेला. पटकन बोलून गेलो, "भिजलेला पुठ्ठा!" सगळे वळून बघायला लागले. बिअरमध्ये ऑक्सिजन शिरला की नेमका हाच वास येतो, आणि तज्ज्ञ त्याला हेच म्हणतात. तेव्हापासून संशयित बाटली आधी माझ्या नाकाखाली येते. चांगल्या बाटल्या इतरांकडे जातात.

यंदा सासरे आले होते. शेजाऱ्याने कौतुकाने टॉमस हार्डीज एल दाखवली. कादंबरीकार हार्डीच्या निधनाला चाळीस वर्षं झाली म्हणून 1968 साली डॉर्चेस्टरच्या एल्ड्रिज पोपने ही एल पहिल्यांदा काढली, नीट ठेवली तर पंचवीस वर्षं टिकेल अशा ग्वाहीसकट. सासऱ्यांनी चष्मा चढवला आणि कपाटातल्या एकूणएक बाटल्यांवरच्या तारखा वाचल्या. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "जावईबापू, माणूस भला आहे, पण सगळा माल एक्स्पायर झालेला आहे. त्याला कुणी सांगत कसं नाही?"

सांगायचं काम अर्थातच माझ्यावर आलं. मी शेजाऱ्याला म्हटलं, "बाबांना कलेक्शन फार इंटरेस्टिंग वाटलं."

त्याचा चेहरा पडला.