दवाखाने बंद करून विमा? आधी हिशेब बघा

सांगली-मिरजेच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज जोरात फिरतोय: 'सरकारी दवाखाने बंद करा. तो पैसा विम्याच्या हप्त्यात घाला, प्रत्येकाला 5 लाखांचं कार्ड द्या, खर्च संपला. खासगीवाले स्पर्धेत दर उतरवतील, भ्रष्टाचार संपेल. थायलंडनं हेच केलं.' चीड समजते. सिव्हिलमधली रांग मीही धरलीय. पण मुद्दे तपासू.

'5 लाखांचं कार्ड द्या.' ते आहेच. राज्याच्या मोफत उपचारांच्या महात्मा फुले योजनेची मर्यादा दीड लाखावरून 5 लाख करण्याचा आणि पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांनाही आत घेण्याचा निर्णय राज्य सरकारनं 2023 मध्येच घेतला. फक्त ही रक्कम माणशी नाही, अख्ख्या कुटुंबाला वर्षाला.

'कार्ड मिळालं की खर्च संपला.' खरी गोम इथंच आहे. मिरजेत योजनेतल्या एखाद्या मोठ्या दवाखान्यात आरोग्यमित्राच्या (योजनेची कागदपत्रं बघणाऱ्या माणसाच्या) टेबलाशी थोडा वेळ उभं राहा. रेशनकार्डाची झेरॉक्स, आधार, ऑनलाइन मंजुरी... आणि मध्येच कुणाला तरी ऐकू येतं, 'हे पॅकेजमध्ये बसत नाही.' योजना चालते ती मुख्यतः ॲडमिट झालेल्याला. शुगर-बीपीच्या रोजच्या गोळ्या, अधूनमधूनच्या रक्ततपासण्या, ओपीडीची फी तिच्यात नाही. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे 2014-15 मध्ये देशाच्या एकूण आरोग्यखर्चातला 62.6 टक्के भाग लोकांच्या खिशातून जायचा. 2021-22 मध्ये तो 39.4 टक्क्यांवर आला. उतरला, हे मान्यच. तरी भार थोडका नाही. बीपीच्या गोळीला कार्ड चालत नाही. गोळ्या चुकवून पॅरालिसिसचा झटका आला की चालतं. सुधारणा करायची तर इथं करा: गोळ्या आणि तपासण्या योजनेत आणा.

'खासगीवाले स्पर्धेत दर उतरवतील.' कसे? योजनेचे दर सरकारच ठरवतं. परवडत नसेल तर दवाखाना योजनेतून बाहेर पडतो, विषय संपला. आणि स्पर्धा होणार मिरजेत, कराडात. जत तालुक्यातल्या उमदीला कोण हॉस्पिटल टाकणार? शेतीची लाइट बऱ्याचदा रात्री, म्हणून माणूस रात्री पाणी पाजायला जातो आणि घोणस चावते. तेव्हा जवळच्या सरकारी केंद्रात सापाच्या विषावरचं औषध हवं आणि ते देणारा डॉक्टर हजर हवा. पाटणच्या डोंगरातल्या वाड्यांचंही तेच. डॉक्टरांची पदं रिकामी असतील तर ती भरा म्हणून भांडा. केंद्रच बंद करा म्हणणं हे ढेकणापायी घर जाळणं झालं.

'विम्यानं भ्रष्टाचार संपेल.' कॅगचा, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या यंत्रणेचा, 2023 चा अहवाल वाचा. आयुष्मान भारत या केंद्राच्या विमा योजनेच्या नोंदींत जवळपास साडेसात लाख लाभार्थी एकाच मोबाइल नंबरला जोडलेले होते: दहाही आकडे नऊ. लाभार्थी तपासायला मोबाइल नंबर लागतच नाही, असा सरकारचा खुलासा होता. धरू या. पण त्याच अहवालाप्रमाणे ज्यांनी मृत्यूची नोंद झालेल्या रुग्णांच्या नावावर पुढं उपचार दाखवले, त्यांचं काय?

राहिलं थायलंड. तिथं 2001 मध्ये 30 बाथात (बाथ हे तिथलं चलन) उपचार सुरू झाले, 2002 मध्ये कायदा झाला. पण कुणाच्या जिवावर? जिल्ह्याजिल्ह्यांत आधीच उभ्या असलेल्या सरकारी दवाखान्यांच्या. ओपीडी योजनेच्या आत, तिचा पैसा दवाखान्याला माणशी ठरलेल्या दरानं. मेसेजवाल्यानं उदाहरण दिलंय ते स्वतःच्याच विरुद्धचं.