पहिल्या तिनातलं

परवा संध्याकाळी इंजिनिअरिंगच्या २०२५ च्या कॅपच्या, म्हणजे राज्याच्या सामायिक प्रवेशफेऱ्यांच्या, दुसऱ्या राउंडची यादी लागली आणि तेव्हापासून घरात माझ्याशी फक्त कुकर बोलतो. का, ते सांगतो. पण आधी त्या काकांबद्दल, कारण माझा खरा राग त्यांच्यावर आहे. त्यांची चूक एवढीच, की ते बरोबर निघाले.

लेकीची कागदपत्रं तपासून घ्यायला आम्ही स्क्रुटिनी सेंटरला गेलो होतो. घरबसल्या ई-स्क्रुटिनी होते, हे मला लेकीने तीनदा सांगितलं होतं. पण समोर खुर्चीत बसलेला माणूस कागद उलटेपालटे करून ‘हं’ म्हणत नाही, तोवर माझं समाधान होत नाही. टोकन ८७. चालू होतं २३. शेजारच्या खुर्चीवर साठी उलटलेले एक गृहस्थ. मांडीवर फाईल, फाईलवर वही, वहीवर तीन रंगांची पेनं.

“ओबीसी?” त्यांनी विचारलं. नाव नाही, गाव नाही.

“हो.”

“नॉन-क्रीमीलेयर सर्टिफिकेट?”

“आहे ना.”

“आहे का ते विचारलं नाही. कधीपर्यंतचं आहे? ३१ मार्च २०२६ पर्यंतचं लागतं. जुनं निघालं तर पोरगी सरळ ओपनमध्ये.”

मी त्यांच्याकडे पाठ करून हळूच फाईल उघडली. २०२६ होतं. पण तेवढ्यात शर्ट मागून ओला झाला.

“तुमची मुलगी कुठाय?” विषय बदलायचा म्हणून मी विचारलं.

“बंगळूरला. नोकरी करते.”

“मग तुम्ही आज इथे...?”

“येतो आपला,” ते म्हणाले. देवळात येतो म्हणावं तसं.

हळूहळू उलगडा झाला. थोरल्या मुलाची बारावी २०१४ ची. त्या वर्षी राज्याने आपली प्रवेशपरीक्षा, सीईटी, बाजूला ठेवून प्रवेश देशपातळीवरच्या जेईईवर नेले. निम्मे मार्क जेईईचे, निम्मे बारावीचे. काकांनी वही घातली, सगळं पाठ केलं. धाकटीची बारावी आली २०१६ ला, आणि त्याच वर्षी पुन्हा सीईटी! पहिली वही रद्दीत. काकांनी दुसरी घातली. मुलगी लागली, पास झाली, नोकरीलाही गेली. वही काही सुटली नाही. “एवढं शिकलोय तर वाया कशाला घालवायचं?” हे वाक्य खरं तर त्यांच्या मुलांनी म्हणायला हवं होतं.

पुढे २०१९ पासून सीईटीत मार्कांऐवजी पर्सेंटाइल आलं, त्याचा फटका आमच्या आईला बसला. नातीला ९१.४ म्हटल्यावर तिने पेढे आणले. मी समजावलं, आई, हे टक्के नाहीत. शंभरातली एक्याण्णव मुलं हिच्या मागे आहेत, असा अर्थ. आईने पेढ्याचा हात मध्येच थांबवला. “मग पुढे किती?” पीसीएमला, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्सच्या सीईटीला, चार लाखांवर मुलं बसली होती. मी मनात हिशेब केला, पस्तीस हजारांच्या आसपास आकडा आला, आणि म्हटलं, “तू वाट पेढे.”

तर काका. त्यांनी वही उघडली आणि माझ्या लेकीकडे वळून, मला पूर्ण वगळून, शिकवणी सुरू केली. “कॉलेजांचे ऑप्शन ३०० पर्यंत भरता येतात, हात आखडू नकोस. कटऑफ बघून क्रम लावायचा नाही. जे हवंय ते वर. वरचं हुकलं म्हणून खालच्याचा चान्स जात नाही. यंदा राउंड चार आहेत. पहिल्या राउंडला एक नंबरचं लागलं की लॉक, पुढे बदल नाही. दुसऱ्याला पहिल्या तिनातलं काहीही लागलं की लॉक. तिसऱ्याला पहिल्या सहातलं. चौथ्याला पदरात पडेल ते.”

“छे, छे,” मी म्हटलं. “फक्त पहिलंच लॉक होतं. गेल्या वर्षी माझ्या पुतण्याच्या वेळी...”

“गेल्या वर्षी,” काका म्हणाले. पेशवाईत म्हणावं तसं.

लेक त्यांना ‘सर’ म्हणत होती आणि मोबाइलमध्ये टिपून घेत होती. फी मी भरणार आहे, हे कुणाच्या लक्षात नव्हतं.

आता चेष्टा बाजूला. अकरावीत पाऊल टाकताना पोरांना एक नियम दिसतो, बारावी संपताना दुसराच. तोही कळतो कधी, तर फॉर्म भरायच्या तोंडावर, इंग्रजी पीडीएफमधून. यंदा अकरावीचे प्रवेशही राज्यभर ऑनलाइन झाले. ज्या गावात एकच ज्युनिअर कॉलेज, तिथल्या पोरानेही लॉगिन करून ‘पसंतीक्रम’ भरायचा. एकाच कॉलेजात कसली पसंती आणि कसला क्रम? नियम करणारे पुढच्या वर्षी सुधारणा करतात. पोराला पुढचं वर्ष नसतं.

असो. दुसऱ्या राउंडचा फॉर्म. शेवटचा दिवस, रात्रीचे अकरा चाळीस. लेकीची यादी तयार होती. मी मागून वाकून म्हटलं, “तीन नंबरला हेही टाक की. ऑफिसमधले म्हणत होते, बिल्डिंग छान आहे. लागलंच तर बेटरमेंट घेऊ, पुढच्या राउंडला वरचं मागू.” ती म्हणाली, “बाबा, ते सर म्हणाले होते...” मी म्हटलं, “सर कोण? आणि बाप कोण?”

तीन नंबरचं लागलं. लॉक. पुढच्या राउंडांना दार बंद. हजार रुपये भरून सीट घ्या, नाहीतर सोडा. घरापासून दोन लोकल आणि एक शेअर रिक्षा. बिल्डिंग खरंच छान आहे, काल बघून आलो.

काकांनी लेकीचा नंबर तेव्हाच घेतला होता, हे मला काल कळलं. त्यांचा मेसेज आला, “काय लागलं?” तिने कळवलं. दोन मिनिटांनी दुसरा आला, “तीन नंबरला हे कोणी घातलं?”

उत्तर म्हणून तिने त्यांना माझा नंबर पाठवला. सकाळपासून दोन मिस्ड कॉल आहेत.