कादिसियाचा रुस्तम हा सोहराबचा बाप नव्हे

‘सोहराबचा बाप रुस्तम कादिसियाच्या लढाईत अरबांकडून मारला गेला आणि त्याच दिवशी इराण संपला’ हा मेसेज सध्या फिरतोय. त्यातल्या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

सोहराबचा रुस्तम हा जालचा मुलगा, दंतकथेतला वीर. फिरदौसीच्या शाहनाम्यात, म्हणजे इराणी राजांच्या महाकाव्यात, त्याचा घात सावत्र भाऊ शगाद करतो. भाले रोवलेल्या खड्ड्यात रुस्तम आपल्या रख्श घोड्यासकट पडतो आणि मरता मरता झाडाआड लपलेल्या शगादला बाणाने झाडासकट आरपार भेदतो. कादिसियाचा रुस्तम फर्रुखजाद मात्र इराणच्या ससानी राजघराण्याचा खराखुरा सेनापती, इ. स. ६३६ च्या सुमारास आजच्या इराकमध्ये लढताना पडलेला. शाहनाम्याच्या शेवटी तोही येतो, घोटाळा बहुधा तिथूनच झाला असावा.

इराणही एका दिवसात पडला नाही. राजधानी तेसिफोन गेल्यावरही इराणी सरदार हुरमुझान शुश्तर शहरात चिवटपणे झुंजला. ६४२ मध्ये नहावंदला मोठा पराभव झाला, तरी तिसरा यज्दगर्द ६५१ मध्ये मर्वजवळ मारला जाईपर्यंत राजा होताच. आपल्याकडचे पारशी आजही त्याच्याच राज्यारोहणापासून, म्हणजे ६३२ पासून, सन मोजतात.

इतकी वर्षं झुंजलेल्यांना एका ओळीत पुसून टाकणं मला फार खटकतं. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका, आणि पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.